गुदाशयाचा कॅन्सर: ऑपरेशनआधीच्या रेडिएशनला जाताना

डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांच्या यादीत सगळ्यात वर एक प्रश्न ठेवा: शेक (म्हणजे रेडिएशन) खरंच लागणार आहे का? गाठ आतड्याच्या स्नायूच्या थरापर्यंतच असेल आणि जवळच्या लसिका ग्रंथी स्वच्छ असतील, तर बहुतेकदा थेट ऑपरेशनच होतं. गाठ अगदी खाली असेल आणि गुदद्वार वाचवायचं असेल, तर गणित बदलतं. हे ठरतं ओटीपोटाच्या एमआरआयवर. नुसत्या सीटी स्कॅनवर थर नीट कळत नाहीत. म्हणून एमआरआयची सीडी, बायोप्सीचा रिपोर्ट आणि स्लाइड्स एकाच फाइलमध्ये ठेवा.

कोर्स छोटा की मोठा ते विचारा. छोट्यात पाच दिवसांत २५ ग्रे (ग्रे हे शेकाच्या मात्रेचं माप). मोठ्यात आठवड्यातून पाच दिवस असे पाच-साडेपाच आठवडे, एकूण ४५ ते ५०.४ ग्रे, सोबत बहुधा कॅपेसिटाबिनच्या म्हणजे केमोच्या गोळ्या. त्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही. वॉर्फरिन (रक्त पातळ करणारं औषध) किंवा फेनिटॉइन (फिटचं औषध) चालू असेल, छातीत पेसमेकर असेल, तर आधीच सांगा. मूल हवं असेल तर वीर्य किंवा स्त्रीबीज साठवण्याचं बोलणं शेक सुरू होण्याआधीच व्हायला हवं, नंतर उपयोग नाही.

खरी मेहनत मूत्राशयाची. प्लॅनिंगच्या सीटीला, म्हणजे शेकाची आखणी करायच्या स्कॅनला, ते जितकं भरलेलं असेल, साधारण तितकंच रोज हवं, कारण भरलेलं मूत्राशय लहान आतडं वर ढकलतं आणि ते शेकातून वाचतं. बऱ्याच ठिकाणी लघवी करून अर्धा लिटर पाणी पिऊन पाऊण तास थांबवतात. तुमच्या सेंटरचं माप वेगळं असू शकतं. घरातूनच पाणी पिऊन निघू नका. मशीन उशिरा सुरू झालं तर लघवी आवरत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. नंबर कधी लागेल ते टेक्निशियनला विचारूनच बाटली उघडा. प्रोस्टेटमुळे एवढं धरवत नसेल, तर ते प्लॅनिंगच्या दिवशीच सांगा, म्हणजे कमी माप ठरवता येतं. गुदाशय मात्र रिकामा हवा. राजमा, छोले, कोबी कमी करा. आत गॅस साठला की गाठ जागेवरून सरकते.

प्लॅनिंगच्या वेळी अंगावर केलेल्या खुणा घासू नका. शेकाआधी त्या जागी तेल, पावडर काही नको. सैल सुती कपडे घाला. आग होऊ लागली तर कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसा, मग टिपून कोरडं करा.

जुलाब मोठ्या कोर्समध्ये साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लागतात. छोट्यात अनेकदा घरी परतल्यावर, सगळे निर्धास्त असताना. ओआरएस घरात आणून ठेवा. नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त जावं लागलं किंवा ताप १००.४ च्या वर गेला, तर पुढची कॅपेसिटाबिन न घेता त्याच दिवशी फोन करा.

ऑपरेशन छोट्या कोर्सनंतर आठवडाभरात किंवा काही आठवड्यांनी, मोठ्यानंतर सहा ते बारा आठवड्यांनी होतं. पोटावर स्टोमा (शौचासाठी पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) होण्याची शक्यता असेल, तर त्याची जागा ऑपरेशनआधी बसून, उभं राहून आणि वाकून बघून, साडीची किंवा पँटची कंबर टाळून, स्टोमा नर्सकडून शाईने आखून घ्या.