जुन्या वाड्याचं कलाकेंद्र करताय? या चुका टाळा

गावातला वाडा कलाकेंद्रासाठी मिळाला, की पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, "सिमेंटचा गिलावा मारून टाकू, पुन्हा पाहायचं काम नाही." सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. माती, विटा, चुना यांची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि हवेत सोडते. वरून सिमेंट चढलं की ओल आत कोंडते. मग गिलावा फुगतो, भिंतीवर क्षारांचा पांढरा लोणा फुटतो आणि भिंतीत गेलेलं सागवानी तुळईचं टोक कुजायला लागतं. सिमेंट आधीच लागलं असेल तर ते हळूहळू टाचून काढा, भिंत एक उन्हाळाभर वाळू द्या, मग चुन्याचा गिलावा करा. लोण्यावर वॉटरप्रूफ रंग लावू नका. ओल आणखी वर चढेल.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. विदर्भातल्या मे महिन्यात, ४५ अंशांत, तो आधी सुकतो आणि भेगाळतो. काम दिवाळीनंतर काढा, थर पातळ ठेवा, ओली पोती टांगा.

पण त्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा. माकडांनी छपरावरचे कवेलू (कौलं) फोडलेत का? ओसरीपुढे काँक्रीट टाकून अंगण उंच केलंय का? काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया हलवते. म्हणून पागोळ्यांचं पाणी नालीनं दूर न्या. तिरपी भेग लगेच बुजवू नका. तिच्यावर प्लास्टरची पट्टी लावून तारीख लिहा. वर्षभरात पट्टी तडकली, तर भेग अजून चालू आहे.

कवेलू काढून टिन टाकलं, तर पावसात गाणं ऐकूच येणार नाही.

माडीवर नाचाची तालीम नको. ती घरच्या वावरासाठी बांधलेली, एका ठेक्यावर पडणाऱ्या वीस पावलांसाठी नाही. अंगणात सिमेंटचा उंच मंचही नको. झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली, दंडार ही लोकनाट्याची कला लोकांच्या मधोमध रंगते. नकाशा काढण्याआधी त्या कलावंतांना अंगणात उभं करून विचारा. मला हे चुन्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आणि कागद. सगळ्या हिस्सेदारांची संमती लेखी घ्या, पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांचीसुद्धा. मार्कंडा किंवा लोणारसारख्या जुन्या मंदिरांच्या गावात असाल, तर केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. १०० मीटरच्या आतल्या जुन्या वाड्याच्या दुरुस्तीलाही ती लागते, म्हणून पहिली वीट हलवण्याआधी अर्ज करा.