2040 चा ग्रेट निकोबार: युद्धखेळाचा प्रसंग कसा रचावा

भविष्यातल्या युद्धाचा, नकाशावर सोंगट्या-फाशांनी खेळायचा खेळ रचायला बसले की हात आधी शस्त्रांच्या यादीकडे जातो. यादी बाजूला ठेवा, आधी नकाशा आणि घड्याळ घ्या. उदाहरणादाखल सिक्स डिग्री चॅनल पाहू. ग्रेट निकोबार आणि सुमात्रा यांच्यामधली ही सुमारे 160 कि.मी.ची फट म्हणजे मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणाऱ्या जहाजांची वाट. प्रसंग असा धरू की भारत इथे चीनची नाकेबंदी करतो.

एक हेक्स (नकाशावरचे षटकोनी घर) 50 कि.मी.चा आणि एक फेरी 6 तासांची ठेवा. 18 नॉटने (तासाला सुमारे 33 कि.मी.) चालणारे जहाज फेरीला 200 कि.मी., म्हणजे 4 हेक्स जाते. विशाखापट्टण ते ग्रेट निकोबारवरचे कॅम्पबेल बे सरळ रेषेत 1,650 कि.मी., म्हणजे 33 हेक्स, 9 फेऱ्या. दक्षिण चीनमधल्या हैनान बेटाहून येणाऱ्या चिनी ताफ्याला तीन हजार कि.मी.च्या आसपास अंतर कापावे लागते. त्यातही सिंगापूरजवळ तीन कि.मी.हूनही अरुंद फिलिप्स चॅनलमधून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पूर्व आफ्रिकेतल्या जिबूतीत 2017 पासून चीनचा तळ आहे, तेव्हा एखादी चिनी तुकडी आधीपासूनच पश्चिमेकडे ठेवा, नाहीतर पहिल्या 10 फेऱ्या कुणी कुणाला भेटणारच नाही.

दारूगोळा मोजून द्या. माझगाव डॉकने बांधलेल्या विशाखापट्टण वर्गाच्या विनाशिकेवर मारा करणारी 16 ब्राह्मोस आणि येणारी क्षेपणास्त्रे हवेतच पाडणारी 32 बराक-8 असतात. येणाऱ्या प्रत्येक क्षेपणास्त्रावर दोन बराक सोडायचे आणि प्रत्येकाचा नेम निम्म्या वेळा लागतो असे धरा (आकडा खेळापुरता आहे, खरा कोण सांगणार?). एकदम 20 क्षेपणास्त्रे आली तर पहिल्या 16 पैकी सरासरी 4 निसटतात आणि उरलेल्या 4 वर सोडायला काहीच शिल्लक नसते. म्हणजे 8 आत येतात. रिकामे झालेले जहाज विशाखापट्टणला जाऊन भरून परत यायला 9 अधिक 2 अधिक 9, एकूण 20 फेऱ्या लागतात. तोवर 5 दिवसांचा खेळच संपतो!

खरे घोडे पेंड खाते ते इथे. 2040 पर्यंत पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) क्षेपणास्त्रे भरण्याची सोय झाली असे धरले तर तोच हेलपाटा 8 फेऱ्यांवर येतो, पण बंदर शत्रूचे पहिले लक्ष्य होते. हा निर्णय प्रसंग लिहितानाच घ्या, खेळाडूंवर सोडू नका.

नवे तंत्रज्ञान तीनच प्रकारचे ठेवा आणि प्रत्येकाची दुखरी बाजू लिहा. उदाहरणार्थ, 4 नॉटचा पाण्याखालचा ड्रोन फेरीत 44 कि.मी. जातो, एक हेक्सही नाही. तो पाठलाग करू शकत नाही, सुरुंगासारखा आधी पेरून ठेवावा लागतो, म्हणून त्याच्या जागा पहिल्या फेरीपूर्वी पंचाला गुपचूप लिहून द्यायच्या. जहाजे मात्र आजचीच धरा. आयएनएस विशाखापट्टणचा कणा 2013 मध्ये बसला आणि ती नौदलात आली 2021 मध्ये, त्यामुळे 2040 चा बराचसा ताफा आज एकतर पाण्यावर आहे किंवा कागदावर.

आता सत्ताकारण. दोनच खेळाडू असले की फक्त मारामारी होते. पाच ठेवा: भारत, चीन, अमेरिका, इंडोनेशिया आणि बाजार. चॅनलचा दक्षिण काठ इंडोनेशियाचा आहे, त्यामुळे तो देश सोंगटी म्हणून पंचाच्या हाती देऊ नका, खरा माणूस बसवा. बाजाराकडे एकच पट्टी: युद्धजोखीम विम्याचा दर, 0 ते 10. दर 5 च्या वर गेला की व्यापारी जहाजे इंडोनेशियातल्या सुंदा किंवा लोंबोक सामुद्रधुनीकडे वळतात. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हेच दिसले. येमेनच्या हूती बंडखोरांच्या हल्ल्यांनंतर मोठ्या कंपन्यांनी केप ऑफ गुड होपचा लांबचा रस्ता धरला. नाकेबंदी करणाऱ्या भारताला यातून कळते की चिनी तेलाबरोबर जपान-कोरियाचे तेलही अडते आणि मित्र फोन करू लागतात.

प्रत्येकाला बंद पाकिटात तीन ओळी द्या: काय मिळवायचे, काय गमवायचे नाही, आणि उघडपणे काय बोलायचे नाही. इंडोनेशियाची तिसरी ओळ सर्वांत जपून लिहा. तो पैसे दोघांकडून घेतो आणि तळ कुणालाच देत नाही, अशी असेल तर पट जिवंत राहतो. मुख्य भूमीवर हल्ला करणारा आणि सोसणारा दोघेही हरतात, असा नियम आधीच जाहीर करा. अण्वस्त्रांचा प्रश्न त्यात मिटतो.

हुकूम कागदावर, एकाच वेळी, फेरीला 10 मिनिटे. शेवटची फेरी ठाऊक असली की सगळे 18व्या फेरीला वेड्यासारखे गोळे फेकतात, म्हणून 14व्या फेरीपासून फासा टाका. 6 पडला की खेळ खलास. पंचाचा निकाल कुणीही फिरवायचा नाही, वरिष्ठानेही नाही. मिडवेच्या लढाईपूर्वी, मे 1942 मध्ये जपानी सरावात पंचाने आपल्याच विमानवाहू नौकांवर धरलेले 9 फटके वरिष्ठ अधिकारी उगाकी यांनी 3 वर आणले होते. महिन्याभरातच त्यातल्या अकागी आणि कागा खरोखर बुडाल्या.

बाजू बदलून किमान तीनदा खेळा. दर वेळी एकच देश जिंकत असेल तर फाशाला हात लावू नका, सुरुवातीच्या जागा हलवा. बहुतेकदा दोन हेक्सचा फरक पुरतो.