अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं तोंड अळ्यांपासून कसं जपावं

अंथरुणाला खिळलेला, शुद्ध हरपलेला किंवा तोंड उघडं ठेवून श्वास घेणारा माणूस माशी हाकलू शकत नाही. माशी त्याच्या तोंडात अंडी घालते, साधारण एका दिवसात अळ्या बाहेर पडतात आणि डोकं आत खुपसून हिरडीत, टाळूत शिरतात. याला ओरल मायासिस म्हणतात. माशीला ओढून आणतो तो वास: अडकलेलं अन्न, सडलेला दात, पिकलेली हिरडी, दात काढल्याची उघडी जखम. मच्छरदाणी लावाच. पण ‘मच्छरदाणी लावली की झालं’ हा सल्ला अर्धवट आहे, कारण भरवताना ती उघडतेच.

तोंड दिवसातून दोनदा साफ करायचं. कवळी असेल तर आधी काढा. उशाकडची बाजू उचला, माणसाला कुशीवर वळवा, गालाखाली टॉवेल ठेवा. बारीक डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश ओला करून झटकून घ्या. नीट गिळता न येणाऱ्याला गुळण्या करायला लावू नका. पाणी श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होऊ शकतो.

खरी अडचण तोंड उघडण्याची. मी सुरुवातीला हनुवटी खाली ओढायचे, चमचा घालायचे. माणूस घाबरून दात आणखी आवळायचा आणि मी दिसतील तेवढे दात घासून मोकळी व्हायचे. जबरदस्ती कधीच करू नका. काय करणार आहात ते आधी सांगा, तो ऐकत नाही असं वाटलं तरी सांगा. ओठांना ओलं बोट लावा, थांबा. मग हातमोजा घातलेलं बोट गाल आणि दात यांच्यामधून मागे सरकवा आणि शेवटच्या दाढेच्या मागच्या मऊ हिरडीवर हलकेच दाबा. जबडा बहुतेकदा आपोआप सैल पडतो. बोट दातांच्या मध्ये मात्र नेऊ नका. अचानक चावा बसला तर सोडवता येत नाही.

आता वरचा ओठ उचला. समोरच्या वरच्या दातांची हिरडी आणि त्यामागचा टाळू हीच सर्वांत धोक्याची जागा, आणि नेमकी तीच राहून जाते. तोंडाने श्वास घेणाऱ्याच्या टाळूवर सुकलेल्या लाळेची खपली धरते. ती खरवडू नका, रक्त येतं. ओल्या गॉझने दोन मिनिटं भिजवा, मग पुसून घ्या. मी सांभाळलेल्या एका आजोबांचा ओठ मी कितीतरी दिवस उचललाच नव्हता. उचलला तेव्हा हिरडीवर सूज होती, तिला छिद्र होतं आणि आत हालचाल होती. तेव्हापासून बॅटरी लावून पाहिल्याशिवाय मी साफसफाई संपली असं म्हणत नाही.

शेवटी जीभ, गालांच्या आतल्या बाजू, ओठांना पातळ व्हॅसलीन.

सूज, छिद्र, नेहमीपेक्षा उग्र दुर्गंधी किंवा वळवळ दिसली, तर त्याच दिवशी दंतवैद्य गाठा. टर्पेंटाइन (रंग पातळ करायला वापरतात ते तेल) घरी तोंडात ओतू नका. अळ्यांचा श्वास कोंडून त्या बाहेर याव्यात म्हणून डॉक्टर ते वापरतात, पण गॉझवर, मोजून. घशात उतरलं तर फुफ्फुसं होरपळतात. दिसेल ती अळी चिमट्याने ओढूही नका: ती तुटते आणि उरलेला तुकडा आतच राहतो. किती अळ्या खोलवर आहेत हे डॉक्टरच पाहू शकतात, आणि आयव्हरमेक्टिन हे अळ्या मारणारं औषध द्यायचं की नाही हेही तेच ठरवतात.