मे-जूनमध्ये हिमालयात चढाई: बर्फ सुटायच्या आत परत कसं यायचं

महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांच्या बऱ्याच हिमालयीन मोहिमा मे-जूनमध्ये निघतात. शाळा-कॉलेजांच्या सुट्ट्या तेव्हाच असतात आणि मनालीजवळच्या फ्रेंडशिपसारख्या (5289 मीटर) शिखरांचा हंगामही तोच. नेमक्या याच दिवसांत हिवाळाभर साचलेला बर्फ आतून भिजत असतो. कणाकणाला जोडणारे सांधे वितळतात, पाणी खाली झिरपतं आणि एखाद्या कडक थरावर किंवा गुळगुळीत कातळावर अडतं. तिथं थराची पकड सुटते आणि वरचा सगळा बोजा घसरतो. अशा हिमप्रपाताचा वेग कोरड्या बर्फाच्या प्रपातापेक्षा कमी असतो, पण वजन अफाट. थांबलेला ढिगारा घनमीटरला 500 किलोच्या वर भरतो आणि थांबताच घट्ट होतो. त्यात अडकलेल्याला हातही हलवता येत नाही.

म्हणून या हंगामात आधी विचारायचं ते एवढंच: काल रात्री बर्फ गोठला का?

थर्मामीटर बघून याचं उत्तर मिळत नाही. आकाश निरभ्र असेल तर बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता वर फेकतो आणि हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी गोठू शकतो. ढग आले की ते गोधडीसारखे पसरतात. हवा तेवढीच गार असूनही बर्फ ओलाच राहतो. रात्रभर ढग, उबदार वारा किंवा पाऊस असेल, तर सकाळी कितीही लख्ख ऊन पडलं तरी तीव्र उतारावर जायचं नाही. पाऊस सर्वांत वाईट, कारण तो काही तासांत थर भिजवतो.

निघण्याआधी, रात्री बारा-एकच्या सुमारास, तंबूपासून थोडं दूर जाऊन पूर्ण वजन देऊन उभं राहा. वरचं गोठलेलं कवच 8-10 सेंटीमीटर जाड असेल आणि बूट नुसता क्रॅम्पॉनचे (बुटाखाली बांधायच्या लोखंडी दात्यांचे) दात रोवून थांबत असेल तर निघा. घोटाभर रुतत असेल तर फक्त सौम्य उताराचा विचार करा. गुडघा आत गेला तर स्लीपिंग बॅगेत परत. मग आइस ॲक्सनं (बर्फाच्या कुऱ्हाडीनं) कवच फोडून खालचा बर्फ मुठीत दाबा. गोळा होत असेल तर तो ओलसर आहे. पाणी पिळून निघत असेल, तर वरचं कवच पातळ झाकण आहे आणि सूर्य आल्यावर ते टिकणार नाही.

उताराचा कोन डोळ्यांनी मोजू नका. समोरून पाहताना आणि थकलेले असताना अंदाज हमखास चुकतो. 120 सेंटीमीटरच्या दोन ट्रेकिंग पोल पुरतात. एक आडवी धरून तिचं टोक वरच्या बाजूच्या बर्फाला टेकवा. तिच्या बाहेरच्या टोकापासून दुसरी सरळ खाली सोडा आणि बर्फापर्यंत किती लांबी लागते ते बघा. 70 सेंटीमीटर म्हणजे 30 अंश, 84 म्हणजे 35, पूर्ण 120 म्हणजे 45. पोलवर आधीच रंगीत टेप लावून ठेवली की अंधारातही काम होतं. थर सरकण्याचा धोका मुख्यतः 30 ते 45 अंशांत. चिंब भिजलेला बर्फ त्याहून कमी उतारावरही वाहतो. आणि तुम्ही उभे असलेला उतार 20 अंशांचा असला, तरी डोक्यावर 38 अंशांची भिंत असेल तर धोका तिचा धरायचा.

वेळापत्रक सूर्याच्या दिशेवर ठरतं. हिमाचलात मे अखेरीस साडेपाचच्या आगेमागे ऊन येतं, ते आधी पूर्वेकडच्या उतारांवर, मग दक्षिणेकडच्या, दुपारनंतर पश्चिमेकडच्या. पूर्वेचा उतार सात-आठलाच मऊ पडू लागतो. म्हणून रात्री एकला निघून, शिखर कितीही जवळ दिसो, ठरलेल्या वेळी वळायचं. दहापर्यंत तीव्र उतार मागे पडला पाहिजे. ही वेळ आदल्या संध्याकाळी सर्वांसमोर ठरवा, कारण शिखराखाली शंभर मीटरवर कुणाचंच डोकं ताळ्यावर नसतं.

पश्चिमी झंझावातामुळे मेमध्येही ताजा बर्फ पडतो. त्यानंतरचा पहिला उन्हाचा दिवस सर्वांत फसवा, कारण फोटोला उत्तम आणि चढाईला सर्वांत वाईट. किमान एक-दोन दिवस थांबा आणि मध्ये एकदा तरी बर्फ पक्का गोठू द्या. मोहीम आखताना दोन राखीव दिवस ठेवाच. परतीच्या रेल्वे आरक्षणामुळे घेतलेले निर्णय डोंगरावर महागात पडतात. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमप्रपाताचे इशारे देते, ते जरूर बघा. पण तो इशारा मोठ्या पट्ट्याचा असतो, तुमच्या समोरच्या उताराचा नव्हे.

चालताना पुढच्या खुणा दिसल्या तर वाद न घालता वळा: वरून आपोआप घरंगळत येणारे बर्फाचे गोळे, पायाखालून ‘धुम्म’ असा दबका आवाज, पावलापासून पळत जाणारी भेग, बाजूच्या उतारावर नुकताच आलेला प्रपात. नाळेतून, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीतून, चढणं सह्याद्रीतल्या सवयीमुळे सोपं वाटतं, पण इथं वरचा बर्फ, सुटे दगड आणि कडेला लोंबणारी बर्फाची पागोळी, सगळं त्याच नाळेतून येतं. धार किंवा दांडा निवडा. नाइलाजानं आडवं जावं लागलं तर एका वेळी एकच जण, बाकीचे सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावर नजर ठेवून. पोलचे पट्टे मनगटातून काढा, सॅकचा कमरपट्टा सोडा.

भिजलेल्या बर्फात साधनंही दगा देतात. क्रॅम्पॉनखाली लगदा चिकटतो आणि दात टेकतच नाहीत. बर्फ चिकटू न देणारी अँटी-बॉलिंग प्लेट खाली लावा, तरी दर काही पावलांनी ॲक्सच्या दांड्यानं ठोका. दोर अडकवायला उभा ठोकलेला स्नो स्टेक (बर्फात रोवायची धातूची खुंटी) उपटून येतो. 40-50 सेंटीमीटर खोल चर खणून तो आडवा पुरा, स्लिंग (दोराची पट्टी) मधोमध बांधा.

प्रत्येकाकडे 457 किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग लावणारं रेडिओ उपकरण), किमान 240 सेंटीमीटरचा प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि धातूचं फावडं हवं. एकट्या लीडरकडे असून उपयोग नाही. गाडलेल्याला शोधताना मोबाइल ट्रान्सीव्हरपासून किमान अर्धा मीटर दूर. शेवटच्या तीन मीटरांत ट्रान्सीव्हर बर्फालगत धरून हळू फिरवा. सर्वांत कमी आकडा जिथं येईल तिथून प्रोब उताराला काटकोनात, 25 सेंटीमीटरच्या अंतरानं गोल गोल खुपसत जा. प्रोब माणसाला लागला की तो काढू नका. थेट वरून न खणता, गाडलेल्या खोलीच्या दीडपट अंतर खाली जाऊन आडवं खणा. वरून खणताना त्याच्या तोंडापुढची हवेची पोकळी दबते. हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं असतात, त्यामुळे हा सराव बेस कॅम्पवर आधीच, घड्याळ लावून करायचा.

उतरताना नाल्यांवरचे बर्फाचे पूल विसरू नका. पहाटे दगडासारखा लागलेला पूल दुपारी खालून पोखरलेला असतो, आणि नाल्याचं पाणीही दुपारनंतर चढतं. पूल खचलेला दिसला तर अलीकडेच तंबू टाका आणि पहाटे ओलांडा.