पुरुषांच्या सार्वजनिक स्वच्छतागृहात मोफत पॅड: नगरपालिकेकडे मागणी कशी करावी

पाळी येणारी प्रत्येक व्यक्ती ‘स्त्रिया’ अशी पाटी असलेल्या दारातून आत जाऊ शकत नाही, हे अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे. जन्मावेळी मुलगी म्हणून नोंद झालेला, पण पुरुष म्हणून जगणारा ट्रान्स पुरुष परभणीच्या किंवा लातूरच्या बसस्थानकावर पुरुषांच्याच स्वच्छतागृहात जातो, आणि आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात मान्य केला आहे.

‘आधी बायकांना तरी मिळू द्या’ हा आक्षेप हमखास येईल. तो झिडकारू नये. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना फडावर साधा आडोसाही मिळणे कठीण असते, त्यामुळे या आक्षेपामागची वेदना खरी आहे. म्हणून एकाच अर्जात स्त्रिया आणि पुरुष अशा दोन्हीकडच्या स्वच्छतागृहांत मोफत पॅडच्या पेट्यांची मागणी करावी आणि स्त्रियांकडे पॅडची संख्या अर्थातच जास्त ठेवावी. कॅनडात १५ डिसेंबर २०२३ पासून केंद्रीय नियमांखालील कामाच्या ठिकाणी पुरुषांच्या स्वच्छतागृहांतही ही सोय बंधनकारक आहे, हा दाखला जोडावा.

जागेचा मुद्दा मात्र बारकाईने मांडावा. पेटी हात धुण्याच्या बेसिनजवळ उघड्यावर लावली, तर ज्याच्यासाठी ती आहे तोच तिला हात लावायला धजणार नाही. म्हणून ती कडी लागणाऱ्या शौचालयाच्या आत असावी. तिथेच झाकणाची कचरापेटी आणि गुंडाळायला कागद हवा, कारण पुरुषांच्या बाजूला सहसा कचरापेटीच नसते आणि पॅड भांड्यात टाकल्यास मैलावाहिनी तुंबते. उन्हाळ्यात नळ कोरडे पडतात, तेव्हा भरलेली बादलीही मागावी. पेटी रोज कोण भरणार, हे लेखी घ्यावे.