पेपर तीन दिवसांत स्वीकारला? जरा थांबा, या चुका टाळा

मार्च सरला, सोलापूरचं ऊन डोक्यात जायला लागलं, की आमच्या ग्रंथालयात पीएचडीवाल्यांची गर्दी होते. परवा एक मुलगी आली. डाळिंबाच्या तेल्या रोगावर तिचं काम. “सर, पेपर ॲक्सेप्ट झाला, तीन दिवसांत!” नियतकालिकाचं पत्र पाहिलं. शोधनिबंध छापण्याआधी तज्ज्ञांनी तपासायचा असतो, इथे त्यांचा एकही शेरा नाही. फी भरायची तारीख मात्र ठळक. मागच्या अंकात सूर्यफूल, सहकारी बँका आणि संतसाहित्य मांडीला मांडी लावून बसलेले. म्हणजे फीसाठी काहीही छापणारं बोगस नियतकालिक.

“पण सर, आयएसएसएन आहे की!” अगं, तो नुसता ओळखक्रमांक. नंबरप्लेट आहे म्हणून गाडीचे ब्रेक लागतात असं थोडंच आहे? इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकातल्या लेखांचा इतर संशोधक सरासरी किती वेळा संदर्भ देतात तो आकडा, तो काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीच्या यादीत पडताळा. विकतचे आकडे ढीगभर मिळतात. नावाचं स्पेलिंग आणि साइटचा पत्ताही बघा, नामांकित नियतकालिकांच्या हुबेहूब नकला फिरतात. ‘यूजीसी केअर’, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीचा शिक्का दाखवून कोणी भुलवत असेल, तर ती यादी आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली. मुक्त, म्हणजे कुणालाही फुकट वाचता येणारं नियतकालिक असेल तर अशा नियतकालिकांच्या डीओएजे या सूचीत शोधा.

एवढी घाई कशाला, हेच मला कळत नाही. प्रबंधाआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढली. आपल्या विद्यापीठाचा नियम तेवढा विचारून घ्या.

पेपर अडकलाच असेल तर मागे घेत असल्याचा ईमेल करा आणि मार्गदर्शकांना लगेच सांगा. मागे घ्यायचीही फी मागतात, देऊ नका. लेखी होकार आल्याशिवाय दुसरीकडे पाठवू नका, एकाच वेळी दोन ठिकाणी पेपर हा गैरप्रकारच धरतात. उत्तरच येत नसेल तर नव्या संपादकाला सगळा पत्रव्यवहार आधी दाखवा.

काम लवकर लोकांपुढे यावं एवढंच असेल तर बायोआर्काइव्ह या जीवशास्त्राच्या संकेतस्थळावर प्रीप्रिंट, म्हणजे छापण्याआधीचा मसुदा टाका. फुकट आहे, तारखेसह डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक मिळतो. मात्र तिथे तज्ज्ञांची तपासणी झालेली नसते, त्यामुळे सांगोल्याच्या बागायतदारांच्या ग्रुपवर ‘तेल्यावर औषध सापडलं’ म्हणून ते फिरवू नका. आणि खरंच औषध सापडलं असेल तर आधी पेटंटचा अर्ज. जाहीर झालं की पेटंटला लागणारं नावीन्य गेलं.

बोलणं चालू असतानाच तिचा मोबाईल वाजला. त्याच संपादकांचा मेसेज: आज रात्री बारापर्यंत भरल्यास फी निम्मी.