पहिली गोधडी : कात्री हातात घेण्याआधीची तयारी

पहिल्या गोधडीचं माप बादलीवरून ठरवावं. पलंगावरून ठरवायला गेलं की डबल बेडचं स्वप्न पडतं, सहा-सहा इंचांचे अडीचशेच्या वर चौकोन कापावे लागतात आणि दिवाळीच्या साफसफाईत ते सगळे पिशवीसकट माळ्यावर जातात. तेव्हा घरातल्या मोठ्या बादलीत जी भिजेल, एकट्या माणसाला जी पिळता येईल आणि गच्चीवरच्या दोरीवर कुणाला हाक न मारता जी टाकता येईल, तेवढीच गोधडी पहिल्यांदा करायची. हे माप साधारण तीन फूट बाय साडेतीन फूट येतं, म्हणजे 36 इंच बाय 42. तान्ह्या बाळाला ही अंथरायलाही होते आणि पांघरायलाही. घरात बाळ नसेल तर पहाटे गच्चीत चहा पिताना मांडीवर घ्यायला होते. सोलापूरच्या थंडीला याहून जास्त लागतही नाही.

माप ठरलं की दुकानात जायची घाई नको, आधी पोरांची चौकटीची वही घ्या. आडवे सहा आणि उभे सात असे 42 चौकोन आखा आणि बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे एक आड एक रंगवा. दोन्ही रंगांचे बरोब्बर एकवीस-एकवीस येतात. नक्षी एवढीच. त्रिकोण, चांदण्या, षट्कोन हे मोबाइलवर फार सुरेख दिसतं, पण त्रिकोणाची एक बाजू कापडाच्या तिरक्या धाग्यावर पडते. ती बाजू हात लावला तरी ताणली जाते, मग टोकं जुळत नाहीत आणि नवखा माणूस स्वतःच्या शिवणाला दोष देत बसतो. चौकोनाच्या चारही बाजू उभ्या-आडव्या धाग्यावर असतात, त्या मापाला धरून राहतात. दोन रंग निवडताना एक फिका आणि एक गडद घ्या. दोन्ही मध्यम असले तर चार हातांवरून सगळं एकच कापड वाटतं.

आता वहीच्या त्याच पानाखाली हिशोब लिहा. दिसणारा चौकोन सहा इंचांचा, त्याला चारही बाजूंनी पाव इंच माया (शिवणीत जाणारं जास्तीचं कापड), म्हणजे कापायचा तुकडा साडेसहा इंचांचा. 44 इंच पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, कापडात साडेसहाची एक पट्टी काढली की त्यात सहा तुकडे बसतात. एकवीस तुकड्यांना चार पट्ट्या, म्हणजे 26 इंच लांबी. पाऊण मीटर घेतलं तर धुऊन आटल्यावरही एवढं निघतं आणि प्रत्येक रंगाचे तीन तुकडे शिल्लक राहतात. अर्ध्या मीटरचा मोह टाळा. कागदावर त्यात तीन पट्ट्या दिसतात खऱ्या, पण कापड आटलं की तिसरी पट्टी अपुरी पडते. खालच्या अस्तराला दीड मीटर. अस्तर वरच्या भागापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठं लागतं, म्हणजे 40 बाय 46, आणि ते 44 पन्ह्यात जोड न देता निघतं. डबल बेडच्या नादात न पडण्याचं हेही एक कारण, कारण तिथे अस्तरालाच जोड द्यावा लागतो. कडेच्या गोटाला, म्हणजे कड झाकणाऱ्या पट्टीला, अडीच इंची पाच पट्ट्या लागतात, त्या अर्ध्या मीटरमध्ये आरामात होतात. सगळं मिळून साडेतीन मीटर कापड झालं. मधल्या थराला विकत काही आणायचं नाही, त्याविषयी पुढे.

सोलापूरच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत किंवा नवी पेठेत, गेल्यावर पहिला प्रश्न रंगाचा विचारू नका. "अण्णा, पन्हा किती?" हा विचारा. 36 चा पन्हा असेल तर एका पट्टीत पाचच तुकडे बसतात, चार पट्ट्यांत वीस होतात आणि एकविसावा तुमच्याकडे बघून हसतो. पन्हा कमी असेल तर एक मीटर घ्या आणि पाच पट्ट्या काढा. अस्तरासाठी तर 36 चं कापड घेऊच नका. कापड साधं सुती, ब्लाउजपीससारखं मध्यम विणीचं असावं. फार झिरझिरीत मलमल मायेजवळ उसवते. तुमच्याकडे असलेलं कापड विरविरीत असेलच, तर माया पाव इंचाऐवजी अर्धा इंच धरा, तुकडा सात इंचांचा कापा आणि त्याप्रमाणे लांबी वाढवा.

इथे सोलापूरकरांना एक वेगळा सावधगिरीचा इशारा. गावात गारमेंटचे कारखाने भरपूर, त्यामुळे ओळखीपाळखीने कटिंगच्या चिंध्यांची पिशवी सहज मिळते आणि फुकट मिळालेलं कापड बघून हात शिवशिवतात. पण आपल्याकडे गणवेशांचं काम मोठं आहे आणि गणवेशाचं कापड बहुतेक टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर आणि सूत मिसळलेलं, असतं. ते आटत नाही आणि शेजारी सुती चौकोन असेल तर पहिल्या धुण्यात तो सुती बिचारा आटून टेरिकॉटच्या तुकड्याला फुगे येतात. ओळखायचं कसं? एक दोरा उपसून चिमट्यात धरा आणि काडी लावा. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो, राख बोटात भुरभुरते. पॉलिस्टर असेल तर टोकाला गोळी होऊन कडक बसते. पूर्ण टेरिकॉटची गोधडी करायची तर ती वेगळी करा, टिकते फार. भेसळ मात्र नको.

तसंच चादरीचं. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, दोन्ही घरात ढिगाने असतात आणि दोन्ही गोधडीत घालायचा विचार कुणाच्याही मनात येतोच. जुनी चादर मधला थर म्हणून घातली तर सुई आत जायला रडते आणि ओली झाल्यावर वजन असं होतं की बादलीचा नियम मोडतो. टॉवेलचे फासे कापल्याबरोबर सुटायला लागतात, सगळ्या घरभर धागे. चादर पांघरायला ठेवा, टॉवेल अंग पुसायला.

मधल्या थरासाठी कपाट उघडा. आजोबांचं धोतर, वापरून मऊ झालेली सुती साडी, नाहीतर पातळ सुती पलंगपोस. 1877 साली जुनी मिल सुरू झाली त्या गावात, निम्म्या घरांत कुणी ना कुणी मागावर काम केलेलं असताना, सुती कापड घरात सापडणार नाही असं होणं कठीण. साडीचे दोन थर पुरे. हे जुनं कापड आधीच शंभरदा धुतलेलं असतं, ते आणखी आटत नाही, सुईला मऊ लागतं आणि आत गोळा होत नाही. साडी उजेडासमोर धरून बघा, विरलेली जागा दिसली तर तेवढी टाळून कापा. सुटा पिंजलेला कापूस पहिल्या गोधडीत घालू नका. त्याला जवळजवळ टाके लागतात, नाहीतर पहिल्याच धुण्यात तो एका कोपऱ्यात जाऊन बसतो. रजई भरणं हे पिंजाऱ्याचं काम आहे, त्याचा हात वेगळा. थोडी ऊब हवीच असेल तर साडीच्या दोन थरांऐवजी फ्लॅनेलचा एक थर चालतो, पण फ्लॅनेल खूप आटतं, ते धुतल्याशिवाय वापरायचं नाही.

धुण्याचा दिवस पाण्याच्या दिवसाशी जोडा. आपल्याकडे नळ रोज येत नाही हे सांगायला नको, आणि नवं कापड धुवायला, विशेषतः रंग जात असेल तर, पाणी सढळ लागतं. खरेदी आदल्या दिवशी करून ठेवा आणि पाणी आलं की पहिल्या तासात कापड भिजवा. प्रत्येक रंग वेगळ्या बादलीत. लाल, कुंकवी, निळ्या रंगावर विशेष लक्ष हवं. ओल्या लाल कापडावर पांढरा रुमाल ठेवून इस्त्री फिरवा. रुमालाला रंग लागला तर पुन्हा धुवा, आणि तिसऱ्यांदाही लागला तर ते कापड या गोधडीतून बाद. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. दुकानातल्या तयार रंगीत कापडाचा रंग मिठाने बांधला जात नाही, सुटा रंग खंगाळूनच काढावा लागतो. इरकलचा काठ गोटाला लावायची हौस मलाही समजते, काय सुंदर दिसतो तो. पण त्याचा लाल रंग आणि रेशमी धागा दोन्ही हट्टी. ती हौस दुसऱ्या गोधडीला.

वाळल्यावर इस्त्री, आणि कापडाची एक कड आडव्या धाग्यावर फाडून सरळ करून घ्यायची. दुकानदार कात्रीने कापतो तेव्हा कड नेहमी थोडी तिरकी जाते, म्हणून हा खटाटोप. किनारीची घट्ट पट्टी, ज्यावर कंपनीचं नाव छापलेलं असतं ती, काढून टाका. तिची वीण वेगळी असते आणि ती शिवणीत ओढ धरते.

हत्यारांचं फार कौतुक करण्याची गरज नाही. धारदार कात्री एक, आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवा की हिने कागद कापायचा नाही. स्टीलची फूटपट्टी, मापाची टेप, शिंप्याचा खडू, टाचण्या, सेफ्टी पिना दोन पाकिटं. साडेसहा इंचांचा साचा पुठ्ठ्याचा करू नका, दहा-बारा वेळा आखल्यावर त्याची कड झिजते आणि शेवटचे तुकडे पहिल्यांपेक्षा लहान येतात. जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. त्यावर चौकोन कापल्यावर दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर कोन काटकोनात आहेत. मशीनला 14 नंबरची नवी सुई घाला. जुन्या सुईवर पैसे वाचवून कुणाचंच भलं झालेलं नाही. सुईपासून पाव इंचावर, मशीनच्या पत्र्यावर, जखमेला लावतो ती कागदी चिकटपट्टी चिकटवा आणि कापडाची कड तिला धरून चालवा. हातशिलाई करणार असाल तर जाड सुती दोरा, मेणाचा तुकडा आणि अंगुस्तान, म्हणजे बोटात घालायची टोपी. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गाठी मारण्यातच दुपार जाते.

हाताने की मशीनने, हा प्रश्न बायका फार गांभीर्याने घेतात. माझं मत विचाराल तर चौकोन मशीनवर जोडा आणि थर हाताने धावदोऱ्याने शिवा. घरच्या पायमशीनवर सरळ शिवण झकास येते, पण तीन-चार थर एकदम तिच्या दाताखाली सरकवले की खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो आणि चुण्या पडतात. हाताचा धावदोरा हळू आहे खरा, पण तो उसवता येतो, टीव्ही बघत घालता येतो आणि आपल्याकडच्या गोधडीचं, वाकळीचं, सगळं रूप त्याच्यातच असतं. कडेपासून सुरू करून रांगेला रांग लावत आत येण्याची जुनी पद्धत आहे. नवखीला मात्र मधून सुरू करून बाहेर जाणं सोपं पडतं, मधे हवा अडकत नाही.

काम सुरू करण्याआधी सहा-सात तुकड्यांचा सराव करायचा आणि मोजायचं. तीन चौकोन ओळीत जोडले की शिवणीपासून शिवणीपर्यंत मधला चौकोन बरोब्बर सहा इंच भरला पाहिजे. पावणेसहा भरला तर माया जास्त घेतली जातेय, चिकटपट्टी थोडी आत सरकवा. सातही ओळी तयार झाल्यावर पहिल्या ओळीच्या माया उजवीकडे झुकवून इस्त्री करा, दुसरीच्या डावीकडे, अशा आलटून पालटून. मग दोन ओळी जोडताना शिवणी एकमेकींना आपोआप अडतात आणि चौकांची टोकं जुळतात. हे एक कळलं की निम्मं काम कळलं.

थर एकत्र करायला जमीन लागते. पाच फूट बाय पाच फूट मोकळी, झाडून पुसून कोरडी केलेली फरशी, पाय पोटाशी घेऊन बसायची तयारी, आणि तेवढ्या वेळापुरती पोरं घराबाहेर. अस्तर उलटं अंथरून कडा चिकटपट्टीने फरशीला ताठ बसवा, ओढून ताणू नका. त्यावर मधले थर, त्यावर जोडलेला भाग सुलटा. मधून बाहेर तळहाताने सपाट करत वितीच्या अंतराने सेफ्टी पिना लावा, किंवा मोठे कच्चे टाके घाला. ही बैठक एकदाच आणि पूर्ण करायची. अर्धवट सोडली की थर सरकतात.

वेळेचं गणित सोलापूरच्या उन्हावर बसवा. चैत्र-वैशाखात कापड धुवायचं आणि कापायचं, तासाभरात खडखडीत वाळतं. पण पारा बेचाळीसवर असताना इस्त्री घेऊन बसणं म्हणजे स्वतःवर सूड. इस्त्रीची कामं पहाटेची ठेवा नाहीतर मृगाचा पाऊस पडू द्या. चौकोन जोडणं आषाढ-श्रावणात, धावदोरा नवरात्रापासून पुढे. गोट लावायला दिवाळीनंतरच्या दुपारी मोकळ्या असतात. एवढ्या निवांत बेतानेही संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेआधी गोधडी हातात येते, आणि आपल्याकडे जी काय थंडी पडते ती तेव्हाच पडते.

शेवटचं, ते सहा उरलेले चौकोन. ते एका पाकिटात घाला, सोबत त्याच दोऱ्याची छोटी गुंडाळी, आणि पाकीट कपाटात गोधड्यांच्या थप्पीखालीच ठेवा. गोधडी धुताना दर वेळी पाकिटातले चौकोनही बरोबर धुवायला काढा, म्हणजे पुढे कधी ठिगळ लावायची वेळ आली तर ते नवंकोरं उठून दिसणार नाही.